थीम पार्कसाठी दिवस किती?



मुलांच्या परीक्षा संपत आल्या की घरोघरी सहलीचा विषय निघतो. अलीकडे त्यात थीम पार्कचे नाव हटकून असते. जायचे की नाही, याविषयी फारसा वाद होत नाही. वाद होतो तो दिवसांवरून. मुलांना तीन दिवस हवे असतात. गादीवर बसणाऱ्या थोरल्यांच्या मते सकाळी जाऊन रात्री परत यावे. आजींचे म्हणणे एवढेच की, त्यांना घरी ठेवून सर्वांनी सुखाने जावे. अखेर कोणीतरी मध्ये पडून दोन दिवस ठरवतो आणि ते दोन दिवस कोणालाच पुरत नाहीत, कारण आकडा तडजोडीतून आलेला असतो, हिशेबातून नव्हे. जी मंडळी मालाच्या प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवतात, त्यांनी सहलीचे दिवस असे अंदाजाने ठरवावेत, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे.

आपल्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. खालापूर तालुक्यात खोपोली-पाली मार्गावरचे इमॅजिका हे उद्यान 2013 च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. पुढच्या वर्षी त्याला वॉटर पार्कची जोड मिळाली आणि 2016 मध्ये स्नो पार्कची. उद्यानाला लागूनच हॉटेल आहे. मुंबईहून काय किंवा पुण्याहून काय, रस्ता मोकळा असेल तर दोन तासांच्या आतबाहेर पोहोचता येते. सहलीची माहिती देणारे सांगतात की, थीम पार्कला एक दिवस आणि वॉटर पार्कला एक दिवस, असे दोन दिवस पुरेत. इतरांसाठी हा सल्ला योग्यच आहे. परंतु त्यात गृहीत धरलेला दिवस आणि आपला दिवस यांत फरक आहे.

ही उद्याने सकाळी उशिरा उघडतात आणि संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात. समजा, अकरा ते सात असे आठ तास मिळाले. नाताळच्या सुटीत आपल्या भागात सूर्य सहा वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो. चउविहार पाळणाऱ्यांचे जेवण व पाणी त्याआधी आटोपले पाहिजे. सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे, आधी ताटावरून उठणाऱ्यांना तर सव्वापाचचीच मर्यादा. म्हणजे साडेचारला राइडच्या रांगेतून बाहेर पडून भोजनगृह गाठणे आले. दुपारच्या जेवणाचा पाऊण तास वजा करा. आठ तासांचे पावणेपाच तास उरले, आणि त्यांतला मोठा भाग रांगेत उभे राहण्यात जातो. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या पुढे जातो, तेव्हा हाच दिवस तासाभराने वाढतो; मात्र भर दुपारचे दोन तास उन्हामुळे वृद्ध आणि लहानग्यांना सावलीतच काढावे लागतात. तेव्हा ‘एक दिवस’ हे माप हाती घेण्यापूर्वी ते आपल्या घड्याळाने मोजून पाहावे. डिसेंबरमध्ये जाणाऱ्या व्रतस्थ कुटुंबाला एका तिकिटात पाऊण दिवसच मिळतो.

तरीही, त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवसाचे तिकीट काढावे, या मताची मी नाही. पहिल्या दिवसाची संध्याकाळ सोयीची केली, तर बहुतेक अडचण तिथेच सुटते. उद्यानाच्या हॉटेलात किंवा अगदी जवळ उतरलेले कुटुंब पाच वाजता खोलीवर येऊन जेवू शकते. नंतर आजींना सामायिक व प्रतिक्रमण करता येते. ज्यांना चउविहाराचा नियम नाही अशा तरुण मंडळींनी, पुन्हा प्रवेश मिळतो का हे आधी विचारून घेऊन, दिव्यांचा झगमगाट पाहण्यास जावे. जवळचा मुक्काम महाग वाटतो खरा. पण दुसऱ्या दिवसाची नऊ जणांची तिकिटे आणि बंद दुकान यांच्याशी त्याची तुलना केली तर तो स्वस्त पडतो. जादा पैसे देऊन रांग टाळण्याची तिकिटे मिळतात, तीही सर्वांसाठी घेऊ नयेत. ‘नायट्रो’सारख्या पोटात गोळा आणणाऱ्या राइडवर बसणारे घरात दोघे-तिघेच असतात, तेवढ्यांपुरती घ्यावीत.

येथे भोजनाविषयी एक गोष्ट सांगून ठेवते. बहुतेक उद्यानांत बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत. ‘जैन मिळेल’ असे उत्तर मिळाले की, आपल्या गृहिणी निर्धास्त होतात. पण काउंटरवरच्या मुलाच्या लेखी जैन म्हणजे कांदा-लसूण नसलेले. बटाटा, गाजर, आले त्याला चालते असेच वाटते. म्हणून आठवडाभर आधी फोन करून कंदमुळांची नावे घेऊन विचारावे, आणि जेवण किती वाजता मिळेल, हेही त्याच वेळी ठरवावे. उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी तो विषयही तेव्हाच काढावा. त्या एका फोनने सहलीचा एक तास वाचतो.

आता दुकानाकडे वळू, कारण खरा पेच तिथे आहे.

उद्यानातला एक दिवस म्हणजे दुकानाचा एक दिवस, असे समीकरण फक्त मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी खरे आहे. समजा, बार्शीचे एक एकत्र कुटुंब आहे: आजी, दोन भाऊ, दोन जावा आणि चार मुले. खोपोली गाठायला त्यांना सहा तास लागतात. पहाटे निघाले तरी उद्यानात शिरेपर्यंत दिवस अर्धा सरतो, म्हणून आदल्या दिवशीच निघावे लागते. डब्यात दशम्या आणि खाकरे घेऊन दुपारी निघायचे, घाट उतरण्यापूर्वीच पाच वाजता थांबून जेवून घ्यायचे, रात्री मुक्काम. दुसरा दिवस उद्यानात. तिसऱ्या सकाळी परतीचा प्रवास; दुपारी दुकान उघडायचे. उद्यानाचा एक दिवस असा दुकानाच्या वहीत दोन दिवसांचा होतो. त्यातला मधला दिवस पेठेच्या साप्ताहिक सुटीचा असेल, तर मात्र नुकसान दोन अर्ध्या दिवसांवर येते. साप्ताहिक सुटी बहुधा सोमवारी किंवा गुरुवारी असते, आणि उद्यानातली गर्दी शनिवार-रविवारी. नोकरदारांना न मिळणारी ही सोय व्यापाऱ्याला आपसूक मिळालेली आहे, पण ती वापरणारी कुटुंबे मी फार थोडी पाहिली. त्या वारी उद्यान चालू आहे ना, एवढे तेवढे पाहून घ्यावे.

या बार्शीकरांनी त्याऐवजी चार दिवस ठरवले तर काय होईल, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. थोरले भाऊ म्हणतील, “तुम्ही जाऊन या, गादी मी सांभाळतो.” धाकट्याला संकोच वाटेल, तो म्हणेल, “दादा, मी थांबतो, या वेळी तुम्ही जा.” दोन-तीन वेळा असे झाल्यावर थोरलेच थांबतील, कारण दर वेळी तेच थांबतात. आजी म्हणतील, “चार दिवस बाहेरचे मला झेपायचे नाही, शिवाय परवा चतुर्दशी आहे.” मग जाणाऱ्यांत उरतील धाकटे भाऊ, दोन जावा आणि मुले. मोठ्या जाऊबाई दोन मुलांना घेऊन, नवरा मागे ठेवून जातील आणि तिथे प्रत्येक राइडच्या रांगेत त्यांना दिरावर अवलंबून राहावे लागेल. चार दिवसांची सहल होईल, परंतु ती कुटुंबाची होणार नाही. आपल्या घरांतल्या फोटोंचे आल्बम उघडून पाहावेत. समुद्रकिनारे आहेत, बर्फ आहे, उंटावरची रपेट आहे. ज्यांच्या कमाईवर हे सर्व झाले ते वडील किती फोटोंत दिसतात?

म्हणून माझे मत असे की, दिवस ठरवताना आरंभ उद्यानाच्या नकाशापासून करू नये. प्रथम विचारावे, घरातील सर्व माणसे, थोरल्यांसह आणि आजींसह, एकाच वेळी किती दिवस निघू शकतात? तो आकडा दीड असेल तर सहल दीड दिवसाची. त्या दीड दिवसात काय पाहायचे ते नंतर ठरते, आणि त्यात बरेच बसते. आजींना रोलर कोस्टर नको असतो. ‘आय फॉर इंडिया’मध्ये खुर्चीत बसून मोठ्या पडद्यावर देश उंचावरून पाहता येतो, तो त्यांना पुरतो. मुलांना दोन मोठ्या राइड आणि डायनासोरची नौका मिळाली की, पहिला उत्साह फिटतो. वॉटर पार्क मात्र त्याच दिवसात कोंबू नये; दोन्ही धड होत नाहीत, आणि ओले कपडे, तहान, थकवा यांमुळे संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवायचे भानही राहत नाही. पाण्यात मौज म्हणून इतका वेळ घालवावा का, हा अप्कायाच्या विराधनेचा प्रश्न काही घरांत निघतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिथे दुसऱ्या दिवसाचा विषय आपोआपच मिटतो.

दिवसांइतकाच महत्त्वाचा आहे महिना. दिवाळीची सुटी सर्वांना मोकळी वाटते. पाडव्याचे वहीपूजन झाले की, लाभपंचमीपर्यंत पेठ संथ असते. परंतु कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चातुर्मास चालू असतो आणि ज्यांनी चातुर्मासापुरते प्रवासाचे किंवा बाहेरच्या जेवणाचे पच्चक्खाण घेतले आहे, अशी वडीलधारी माणसे त्या सहलीतून सहजच वगळली जातात. मे महिना कापड दुकानदारांना लग्नसराईमुळे अवघड, सराफांना अक्षय्य तृतीयेपर्यंत अवघड, वह्या-गणवेश विकणाऱ्यांना तर महिनाअखेरीस श्वास घ्यायलाही फुरसत नाही. नाताळाची सुटी पुष्कळ घरांना सोयीची, पण तिथे दिवस आखूड. प्रत्येक घराचा धंदा वेगळा, तेव्हा उत्तरही वेगळे येणार. शेजारच्या घराने चार दिवस काढले म्हणून आपण चार काढावेत, असे होत नाही.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबांसाठी हाच हिशेब थोडा रुंद करावा लागतो. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओज हे एकच उद्यान आहे. एक दिवस पुरे. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्याच सुमारास मावळतो. म्हणून चउविहार करणाऱ्यांना तिथे कोणताही महिना सारखाच. हाँगकाँगचे डिस्नेलँड 2005 मध्ये सुरू झाले, तेही एकच उद्यान; परंतु तिथे डिसेंबरात पावणेसहापूर्वीच सूर्यास्त होतो. पॅरिसजवळ दोन उद्याने आहेत. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात पाचपूर्वीच. जूनमध्ये दोन उद्याने दोन दिवसांत आरामात होतात. नाताळात त्याच दोन दिवसांत पाहणे अर्धेच होईल आणि पैसे मात्र पूर्ण जातील. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डचा पसारा सुमारे 25 हजार एकरांचा. 1971 मध्ये एका उद्यानाने सुरुवात झाली आणि आज तिथे चार थीम पार्क व दोन वॉटर पार्क आहेत. तिथली तिकीटविक्री व्यापाऱ्याने अवश्य अभ्यासावी. जितके जास्त दिवस घ्याल तितका दर दिवसाचा भाव उतरत जातो. चौथा, पाचवा दिवस जवळजवळ फुकट वाटू लागतो आणि आपल्यातली थोक भावाची सवय लगेच जागी होते. पण स्वस्त मिळाला म्हणून उठाव नसलेला माल कोणी गोदामात भरत नाही. सहा वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या आजींना रोज सात-आठ किलोमीटर चालवून पाचव्या दिवशी काय उरेल, तेही त्या भावात धरले पाहिजे. माझ्या मते तिथे सलग दोनच दिवस उद्यानात घालवावेत, तिसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा आणि मग वाटलेच तर आणखी एक. उद्यानांच्या आसपास स्वयंपाकघरासह भाड्याने घरे मिळतात. आपल्या मंडळींनी हॉटेलपेक्षा तीच पाहावीत. विश्रांतीच्या दिवशी मुगाची खिचडी आणि कढी घरच्या हातची मिळाली की, मुलेही पुढच्या दिवसाला तयार होतात.

बार्शीच्या त्या कुटुंबाला मी एवढेच सुचवीन की, नाताळ आणि मे यांपैकी ज्या सुटीत थोरल्या भावांना गादी सोडता येईल तीच निवडावी, पेठेच्या सुटीचा वार मधोमध धरावा, दोन रात्रींचे आरक्षण उद्यानालगत करावे आणि तिकिटे एकाच दिवसाची काढावीत. आरक्षण करताना नऊ नावे लिहावीत, आणि नऊपैकी एकही नाव शेवटच्या क्षणी गळू नये, म्हणून दुकान बंद राहण्याची पाटी आठ दिवस आधीच दारावर लावावी. ती पाटी लिहिण्याचे काम थोरल्यांकडेच सोपवावे.