पावसाचा खंड आणि बेडकांची प्रतिकारशक्ती

जळगाव : पावसाने ओढ दिली, की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत चर्चा सुरू होते ती कापूस, मका आणि दुबार पेरणीची. त्याच दिवसांत बांधालगतची डबकी आटू लागतात आणि त्यांतील बेडूकमाशांची जगण्याची धडपड सुरू होते, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ऑगस्ट २०२३ हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा खंडाची झळ केवळ मेलेल्या पिलांपुरती नसते. वाचलेल्या पिलांच्या शरीरातही ती मागे उरते.

पाणी घटू लागताच बेडूकमाशाच्या शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते. थायरॉईड संप्रेरकाच्या जोडीने ते रूपांतराचा वेग वाढविते. पाय लवकर फुटतात, शेपटी आटते आणि पिलू डबके कोरडे पडण्यापूर्वी बाहेर पडते. परंतु हेच संप्रेरक थायमस आणि प्लीहेतील रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा नाश घडविते. रूपांतराच्या काळात अशी घट स्वाभाविकच असते. घाईने झालेल्या रूपांतरात मात्र ती उणीव पुढेही जाणवते. अमेरिकेतील रानबेडकांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झपाट्याने आटणाऱ्या पाण्यात वाढलेल्या पिलांत पांढऱ्या पेशी कमी आणि प्रतिकारशक्ती दुबळी आढळली.

दुसरे संकट फवारणीचे आहे. टायरोन हेज आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मक्याच्या शेतात वापरल्या जाणाऱ्या नऊ रसायनांच्या मिश्रणाचा बेडकांवरील परिणाम तपासला. मात्रा अत्यल्प असूनही थायमसला इजा झाली, बेडूकमाशांना रोगाची लागण झाली आणि प्रौढ बेडकांत कॉर्टिकोस्टेरॉन वाढले. त्या मिश्रणातील ॲट्राझिन हे तणनाशक आपल्याकडेही मक्यावर वापरले जाते. त्याची फवारणी पेरणीनंतर लगेच होते आणि बेडकांची वीणही पहिल्या जोरदार पावसातच होते. युरोपीय संघाने २००४ मध्ये ॲट्राझिनची परवानगी नाकारली. भारतात २०२० च्या बंदीच्या मसुद्यातील २७ रसायनांत त्याचे नाव होते.

बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीची नोंद उत्तर सह्याद्रीत २०१३ मध्येच झाली आहे. जगभरात या रोगाने किमान ५०१ उभयचर प्रजातींची संख्या घटल्याचे २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडले. रोगजंतू राज्यात असताना प्रतिकारशक्ती खालावणे परवडणारे नाही.

अमेरिकेतील निष्कर्ष खानदेशाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, हे खरे. म्हणूनच यावल आणि अनेर अभयारण्यांतील पाणवठे आणि मक्याच्या पट्ट्यातील डबकी यांची तुलना येथेच व्हायला हवी. जळगावच्या विद्यापीठाला हे काम अवघड नाही. शेतकऱ्यांनीही फवारणीचे पंप नाल्यात न धुणे, डबक्याकाठची पट्टी फवारणीतून वगळणे, एवढे केले तरी पुष्कळ होईल. पिकावरील किडी फुकट खाणाऱ्या या सोबत्याचे आरोग्य बळीराजाच्याच हिताचे आहे.