पूल आपला, रंग शेवाळाचा

ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिम्पिक. मारिया लेंक ॲक्वाटिक सेंटरमधला डायव्हिंगचा पूल बघता बघता निळ्याचा हिरवागार झाला. अख्ख्या जगाचे कॅमेरे तिथेच रोखलेले, त्यामुळे आयोजकांचा सॉलिड पोपट झाला. नंतर त्यांनी कारण सांगितलं ते असं, की पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं गेलं आणि त्याने क्लोरीनच निकामी केलं. पहारेकरी झोपला, शेवाळाला रान मोकळं मिळालं. ऑलिम्पिकच्या पूलची ही कथा, तर नेऱ्यातल्या तुमच्या वीस बाय दहाच्या पूलचं काय घेऊन बसलात!

एकेकाळी नेरे म्हटलं की लोकांना आधी शांतिवन आठवायचं. आता त्याच्या जोडीला वीकेंड होमही आठवतं. माथेरानचे डोंगर समोर, गाढी नदी जवळ आणि पुढे वाजे गावात सलमान खानचं फार्महाऊस. शुक्रवारी लॅपटॉप मिटायचा, सायन-पनवेल हायवेचा ट्रॅफिक सोसायचा आणि रात्री पूलच्या कडेला पाय सोडून बसायचं, हे आपल्या पिढीचं फेव्हरिट स्वप्न आहे. दोघा-तिघा मित्रांनी मिळून घेतलेलं का असेना, पूल असलेलं घर म्हणजे स्टेटस! प्रॉब्लेम एकच. तुम्ही पूल वापरता दोन दिवस, आणि उरलेले पाच दिवस तो शेवाळाच्या ताब्यात असतो. शेवाळाला वीकेंड नसतो, बॉस.

हिरवं का होतं?

शेवाळाला चार गोष्टी लागतात: ऊन, ऊब, थांबलेलं पाणी आणि खाणं. नेऱ्यात चारही फुकट. झाडांची पानं, वाऱ्याने आलेली माती आणि बागेतलं खत पाण्यात गेलं, की नायट्रेट आणि फॉस्फेटची पंगत मांडलीच समजा. ही पंगत उधळून लावतं ते क्लोरीन. पण उघड्या पूलमधलं साधं क्लोरीन कडक उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातं. सोमवारी टाकलेल्या क्लोरीनच्या भरवशावर शनिवारी उडी मारणं म्हणजे निव्वळ श्रद्धा.

आता पीएचचा फंडा. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं, एक जहाल आणि एक मवाळ. पीएच ७.२ असेल तर साधारण दोन तृतीयांश क्लोरीन जहाल रूपात काम करतं. तोच पीएच ८ वर गेला की जेमतेम पाव हिस्सा कामाचा उरतो. म्हणजे डबा तोच, खर्च तोच, पण तीन चतुर्थांश माल बसून पगार घेतोय! म्हणून आधी पीएच, मग क्लोरीन. हा क्रम पाठ करा.

लक्षात ठेवायचे आकडे

पीएच ७.२ ते ७.८. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम. अल्कलिनिटी, म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवणारी ताकद, ८० ते १२० पीपीएम. क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, ३० ते ५० पीपीएम. हे वापरत असाल तर क्लोरीन किमान २ पीपीएम तरी ठेवा.

पीपीएम ऐकून दहावीचं सायन्स आठवून घाबरू नका. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. पूल वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि सरासरी चार फूट खोल असेल तर ८०० घनफूट, म्हणजे साधारण २२,६०० लिटर पाणी झालं. त्यात एक पीपीएम क्लोरीन वाढवायला २२.६ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. तुमच्या डब्यावर ६५ टक्के लिहिलं असेल तर सुमारे ३५ ग्रॅम पावडर. ‘दोन मग टाका, काका’ या हिशोबापेक्षा हे नक्कीच बरं.

टेस्ट किट घेताना एक बघा. पाणी पिवळं करणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन सांगतं, त्यातलं काम करणारं किती ते सांगत नाही. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट मोकळं क्लोरीन वेगळं मोजतं. थोडे पैसे जास्त जातील, पण एका वाया गेलेल्या वीकेंडपेक्षा कमीच. आणि डोळे चुरचुरले की ‘क्लोरीन जास्त झालं’ असं जे आपण म्हणतो ना, ते बहुतेकदा उलट असतं. घाम आणि इतर घाणीशी जुळून दमलेलं क्लोरीन डोळ्यांना झोंबतं. ताजं क्लोरीन तेव्हा कमी पडलेलं असतं.

हिरवा झालाच तर?

पहिला नियम: पाणी सोडून देऊ नका. पनवेलला पाणी देणारं देहरंग धरण याच खोऱ्यात आहे आणि तरी उन्हाळ्यात शहरात पाणीकपातीच्या बातम्या येतात. डोंगरातल्या वाड्यांमध्ये बाया हंडा घेऊन फिरत असताना आपण २२ हजार लिटर ओढ्यात सोडायचं आणि टँकर मागवायचा, हे कुठल्याच चष्म्यातून कूल दिसत नाही. शिवाय क्लोरीनचं पाणी ओढ्यातून नदीत गेलं की मासे मरतात. ते सोडायचंच असेल तर आधी चार-पाच दिवस क्लोरीन न टाकता उन्हात राहू द्या, किटवर शून्य आलं की मग सोडा.

आता उपाय. पाणी हिरवं पण गढूळ असेल तर शेवाळ. हिरवं किंवा तपकिरी, पण काचेसारखं स्वच्छ असेल तर संशय तांब्या-लोखंडावर घ्या. बोअरच्या पाण्यात लोह असलं की क्लोरीन टाकताच रंग बदलतो. तिथे आणखी क्लोरीन ओतून उपयोग नाही.

शेवाळच असेल तर आधी जाळीने पानं काढा. पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. मग सूर्य मावळल्यावर शॉक डोस द्या. दहा पीपीएमसाठी आपल्या उदाहरणातल्या पूलला ६५ टक्क्यांची सुमारे ३५० ग्रॅम पावडर लागेल. संध्याकाळीच का? तर रात्रभर ऊन नसतं, सगळं क्लोरीन शेवाळावर खर्च होतं. भिंती, पायऱ्या आणि शिडीच्या मागची जागा ब्रशने खसखसून घासा, कारण चिकट थराखाली क्लोरीन पोचत नाही. पंप चालूच ठेवा. फिल्टरचा प्रेशर नेहमीपेक्षा आठ-दहा पीएसआय वर गेला की बॅकवॉश मारा.

रात्री आणि सकाळी ऊन पडण्याआधी क्लोरीन मोजा. एक पीपीएमपेक्षा जास्त घटलं असेल तर शेवाळ अजून जिवंत आहे, पुन्हा डोस. हिरव्याचं दुधट-राखाडी झालं की समजा, लढाई जिंकली, आता मढी उचलायची. इथे आपली तुरटी कामाला येते. गाळ तळाशी बसवा आणि तो फिल्टरमधून न फिरवता व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा. मग पीएच पुन्हा तपासा, तुरटी तो खाली ओढते.

मोरचूद टाकायचा सल्ला हमखास मिळेल. त्यातल्या तांब्याने शेवाळ मरतं हे खरं, पण जास्त झालं तर टाइल्सवर डाग पडतात आणि ते तांबं पाण्यातून जात नाही. क्लोरीनचं काम क्लोरीनलाच करू द्या.

काकांचाही विचार करा

वीकेंड होमचं क्लोरीन बहुतेक वेळा मालक टाकत नाही. ते टाकतात सोमवार ते शुक्रवार तिथे राहणारे केअरटेकर काका, तेही उघड्या हातांनी. त्यांना हातमोजे आणि गॉगल आणून देणं हे तुमचं काम आहे. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू निघतो. टीसीसीएच्या गोळ्या आणि ब्लीचिंगची पावडर एका डब्यात मिसळली तर स्फोटही होऊ शकतो. दोन्हींचे मग वेगळे, डबे वेगळे, कोरडी आणि हवेशीर खोली. आणि नेहमी रसायन पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी कधीच नाही. हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून पंपाच्या खोलीत चिकटवा.

पाऊस: शत्रू की मित्र?

दोन्ही. आपल्याकडे मोसमात सरासरी तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमचा पूल सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे पूलमध्ये मावेल त्याच्या दुपटीहून जास्त पाणी वरून येतं आणि जाताना क्लोरीन, अल्कलिनिटी, सगळं घेऊन जातं. म्हणून पावसाळ्यात खाण्याचा सोडा हाताशी ठेवा. आपल्या उदाहरणातल्या पूलमध्ये सुमारे ३८० ग्रॅम सोड्याने अल्कलिनिटी १० पीपीएम वाढते.

पण याच पावसाचा एक फायदा आहे. टीसीसीएच्या गोळ्यांमधून सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठत जातं. ते फार वाढलं की क्लोरीन असूनही आळशी होतं आणि ते कमी करायचा सोपा मार्ग एकच, जुनं पाणी काढून नवं भरणं. ते मे महिन्यात टँकरने करू नका. जून-जुलैत थोडं पाणी उपसा, बाकी वरुणराजा भरेल. नो बिल!

सगळ्यात महत्त्वाचं

हिरवा पूल नुसता वाईट दिसत नाही. पंप बंद असलेल्या पूलमध्ये आठवडा-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते आणि ती फक्त तुम्हालाच नाही, शेजारच्या वस्तीलाही चावते. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं माणूस दिसत नाही. पार्टी सुरू आहे, म्युझिक मोठं आहे, दहा जण पाण्यात आहेत, आणि अकरावा कुठे आहे हे कुणालाच कळत नाही.

म्हणून शनिवारी पोचलात की बॅगा नंतर उतरवा. किट काढा, पीएच बघा, क्लोरीन बघा. ते ४ पीपीएमच्या वर असेल तर खाली येईपर्यंत थांबा. काठावर उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते बघा. दिसली तर उडी मारा. नाही दिसली, तर आज कॅरम खेळा.