आवाज गेला म्हणजे बोर्ड गेला?

'बोर्ड गेला न भाऊ.' कामठीत काय किंवा नागपुरात बर्डीवर काय, कॉम्प्युटरचा आवाज बंद झाला म्हणून सीपीयू (त्या सगळ्या डब्यालाच आपण सीपीयू म्हणतो, मीही म्हणतो) उचलून दुकानात नेला, की दहातल्या सात वेळा हेच ऐकायला मिळतं. झाकण उघडायच्या आधी. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, ते मला जास्त लागतं: 'नाहीतर असाच वापरा ना, गाणीच ऐकायची आहेत न?'

या दोन्ही वाक्यांशी माझं भांडण आहे. पहिल्यात घाई आहे. दुसऱ्यात गृहीत धरणं आहे, की आवाज म्हणजे चैन.

आधी पहिल्याचं बघू. आपल्यापैकी जे २००२-०३च्या सुमारास कॉम्प्युटरवाले झाले त्यांना आठवत असेल, विंडोज नव्याने टाकलं की हमखास आवाज जायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर'समोर पिवळं प्रश्नचिन्ह, आणि मग घरभर त्या बोर्डाबरोबर आलेल्या ड्रायव्हरच्या सीडीचा शोध. (ती सीडी कोणाच्या तरी लग्नाच्या सीडीच्या कव्हरात सापडायची.) तेव्हा कोणी बोर्ड गेला म्हणत नसे, कारण बोर्ड महाग होता. आता विंडोज ड्रायव्हर स्वतःच शोधून आणतं, त्यामुळे ती सवय मोडली. आणि ड्रायव्हर नसेल तर मग बोर्डच, अशी दुकानातली सरळ रेघ झाली.

खरं तर मधे बरंच काही असतं. बोर्डावरच्या चिपसेटमध्ये आवाजाचा कंट्रोलर असतो. तो आकडे पाठवतो मागच्या रंगीत भोकांजवळ बसलेल्या एका छोट्या चौकोनी चिपला, तिला कोडेक म्हणतात. ती आकड्यांचा विद्युतप्रवाह करते, तो हिरव्या भोकातून स्पीकरकडे जातो. गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. या साखळीत कुठेही काही अडलं तरी वरून दिसणारं लक्षण एकच: शांतता.

पण कुठे अडलंय हे शोधणं तितकं कठीण नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आवाजाचं उपकरण दिसतंय आणि आवाज नाही, तर आधी स्पीकर, वायर आणि सेटिंग बघायचं. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असला की विंडोज कधीकधी परस्पर मॉनिटरलाच आवाज पाठवत बसतं, आणि मॉनिटरला स्पीकर नसतोच. पुढच्या भोकातून येत नाही पण मागच्यातून येतो, तर कॅबिनेटची आतली वायर निसटलेली असू शकते. जुन्या कॅबिनेटच्या त्या वायरीला दोन टोकं असायची, एकावर 'एसी ९७' लिहिलेलं आणि दुसऱ्यावर 'एचडी ऑडिओ'. एसी ९७ ही १९९७ची पद्धत, एचडी ऑडिओ २००४ची. चुकीचं टोक लावलं की पुढची भोकं मुकी किंवा अर्धमुकी. आणि उपकरण यादीत अजिबातच नसेल, तर बायोसमध्ये आवाज बंद केलेला नाही ना ते बघायचं, मग लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरून मशीन सुरू करायचं. तिथे आवाज आला तर बोर्ड ठणठणीत, दोष विंडोजचा. तिथेही नाही, तर कोडेक गेली असं म्हणायला जागा आहे. अर्ध्या तासाचं काम. एकही रुपया नाही.

आणि घरघर हा वेगळाच प्रकार. आमच्या भागातल्या जुन्या घरांत अर्थिंगच्या नावाने बोंब असते, सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायर नसते. स्पीकरमधून सतत जाड 'हंऽऽ' येतो तो वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झचा. बोर्ड बदलून तो जात नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, कॉम्प्युटरवाल्याला नको.

आता दुसरं वाक्य. 'गाणीच ऐकायची आहेत न?'

माझ्या मावसभावाला दिसत नाही. तो कॉम्प्युटर वापरतो एनव्हीडीएवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा फुकट प्रोग्रॅम आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ साली सुरू केला आणि पुढे जेम्स टेह त्यांच्याबरोबर आले; दोघेही स्वतः अंध. मराठीही वाचतो (थोडा रोबोसारखा, पण भाऊ म्हणतो सवय झाली की माणसांचं वाचणंच हळू वाटतं). तर याच्यासाठी स्पीकर हाच मॉनिटर आहे. त्याचा आवाज गेला तेव्हा बँकेच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते आणि सराव-परीक्षा सगळ्या त्या मशीनवर. तुमचा-माझा मॉनिटर काळा झाला तर कोणी 'असाच वापरा ना' म्हणेल?

त्याच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, फोनवर मला पडद्यावरचं एकेक वाचून दाखवलं. आवाजाचं उपकरण यादीत नाही. बायोसमध्ये चालू आहे. दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो, लिनक्सवरही नाही. म्हणजे कोडेकच. दुकानदाराचं निदान अर्धं बरोबर निघालं असं म्हणा हवं तर, पण उपाय? दोन-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड, अंगठ्याएवढं. त्याच्या आत स्वतःची कोडेक असते, बोर्डावरची मेली तरी याला फरक पडत नाही. लावलं, कंट्रोल-अल्ट-एन दाबून एनव्हीडीए पुन्हा सुरू केलं, आणि खोलीत बोलणं सुरू झालं. मावशी म्हणाली, 'बाई गं, हे एवढंसं?' ब्लूटूथचा हेडफोन मी सुचवला नाही. तो मधेमधे झोपतो आणि उठताना पहिलं अक्षर गिळतो. गाण्याला चालतं, पण पर्याय 'अ' की 'ब' तेच गिळलं तर काय उपयोग?

परीक्षा झाली. सहा-सात महिन्यांनी मात्र बोर्ड खरंच गेला. यूएसबी मधेच तुटायला लागली, मशीन तीनदा चालू केल्यावर एकदा उठायचं. उघडून बघितलं तर प्रोसेसरजवळच्या दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे व्हायचंच. या कपॅसिटरचं आयुष्य साधारणपणे दर दहा अंश तापमान वाढलं की निम्मं होतं, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत बाहेरचेच पंचेचाळीस, तर डब्याच्या आत किती ते विचारू नका. नवीन बोर्ड घेताना 'सॉलिड कपॅसिटर आहेत का' हे विचारा, ते पाणी-बिणी नसलेले असतात आणि उष्णतेत जास्त टिकतात.

इथून निवड सुरू झाली, आणि इथे माझं मत थोडं उलट्या बाजूला झुकतं. त्याचा प्रोसेसर इंटेलचा चौथ्या पिढीचा, एलजीए ११५० सॉकेट, डीडीआर ३ रॅम. त्यावर बसणारा बोर्ड आजही मिळतो: एक तर कुठल्या ऑफिसातून निघालेला जुना, किंवा अनोळखी नावाचा नवा. स्वस्त. पण जुन्यातले कपॅसिटर आमच्या मेलेल्या बोर्डाइतकेच म्हातारे, आणि नव्याला पुढे बायोसचे अपडेट मिळतील याची खात्री कोणी देईना. शिवाय विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. जो मुलगा बँकेची कामं आणि अर्ज सगळं याच मशीनवर करणार, त्याला अपडेट बंद झालेल्या विंडोजवर अडकवणं मला पटेना. दुरुस्तीचा मी कट्टर समर्थक आहे, पण दुरुस्ती म्हणजे मेलेल्या सॉकेटमध्ये पैसे ओतणं नव्हे.

सॉकेटच्या नावाने फसू नका, हे जाता जाता. सहाव्या-सातव्या पिढीचं एलजीए ११५१ आणि आठव्या-नवव्याचंही एलजीए ११५१; प्रोसेसर बसतो, मशीन सुरू होत नाही. चिपसेट ३०० मालिकेचा आहे की नाही ते बघावं लागतं. बोर्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर आहे का ते तपासा, दुकानदार 'चालेल न भाऊ' म्हणाला तरी.

आम्ही शेवटी एच६१०चा बोर्ड, बाराव्या पिढीचा आय-३ आणि डीडीआर ४ रॅम घेतली. याच चिपसेटचे बोर्ड डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, तेव्हा खोक्यावर वाचून घ्या. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकल्यापासून ही चूक महाग पडते. मागे तीन आवाजाची भोकं, जुन्या मॉनिटरसाठी व्हीजीए. (मॉनिटर भावाला नको, मावशीला हवा.) कॅबिनेट, हार्ड डिस्क आणि पॉवर सप्लाय जुनेच ठेवले, पॉवर सप्लायचे व्होल्ट मोजून. विंडोज मात्र मशीनबरोबर आलेलं ओईएम होतं, ते पहिल्या बोर्डाशीच बांधलेलं असतं, म्हणून लायसन्सचा खर्च वेगळा धरावा लागला. हा खर्च दुकानात कोणी आधी सांगत नाही.

राहिली एक गोष्ट, जी कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते. एनव्हीडीए विंडोज सुरू झाल्यावरच बोलतं. त्याआधी, बायोसमध्ये, काही बोलत नाही. बोर्डावरचा तीन व्होल्टचा सेल संपला की मशीन पडद्यावर 'एफ १ दाबा' असं लिहून थांबतं, आणि न दिसणारा माणूस समोर बसून राहतो, मशीन मेलंय असं समजून. म्हणून बायोसमध्ये चूक आल्यावर थांबायचा पर्याय बंद केला. आणि दुकानात बझर मागितला, तो पूर्वी कॅबिनेटमध्ये असायचा तो, मशीन व्यवस्थित सुरू झालं की एकदा 'पिप' करणारा. दुकानातल्या पोराने असा काही पार्ट असतो हेच ऐकलं नव्हतं. बोर्डावर त्याच्यासाठी चार पिनांची जागा मात्र होती. घरी येऊन जुन्या कॅबिनेटमधलाच काढला, धूळ फुंकली आणि लावला.