यीस्ट कुठलं, ते आधी सांगा!

दोन बाटल्या, कोमट पाणी, साखर, यीस्ट आणि दोन फुगे. एवढ्या सामानात आमच्या विचुंब्याच्या वर्गात परवा मोठी धमाल झाली. दोन्ही बाटल्यांत पाणी सारखं, साखर सारखी, यीस्टही चमचा-चमचा. फक्त यीस्टची पाकिटं निरनिराळी. अर्ध्या तासात एक फुगा टम्म फुगला, दुसरा मात्र मान टाकून बसला!

“बाई, असं का?” पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

“जुनं असेल ते पाकीट,” मी पटकन सांगून टाकलं. मुलांनी पाकिटं उलटून पाहिली. दोन्हींवर महिना एकच! माझं उत्तर तिथंच फसलं. एखाद्या पाकिटाला दमट हवा लागली असेल, असंही होऊ शकतं. पण आणखी एक कारण असू शकतं, आणि ते फार गमतीचं आहे.

आपल्या रायगडात भाताचे किती वाण असतात! जया, रत्ना, कर्जतचे वाण. सगळा भातच, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. यीस्टचेही असेच वाण असतात. यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव. त्याच्या १६ गुणसूत्रांवर सुमारे ६,००० जनुकं असतात. जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची लिहिलेली कृती. आता घावणांची एकच कृती दोन घरी दिली, तर घावणं सारखी होतील का? एका घरी तवा जाड, दुसरीकडे चूल मंद. जनुकांचंही तसंच आहे, बरं का! एका जनुकाचं काम बाकीच्या जनुकांच्या घरात चालतं.

प्रयोगशाळांत एस२८८सी नावाचा वाण फार वापरतात. १९९६ साली यीस्टची सगळी जनुकं वाचून झाली, ती याच वाणाची. त्याचा बराचसा वारसा १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात एका कुजक्या अंजिरावर सापडलेल्या यीस्टकडून आला आहे. पण या नामांकित वाणात एक खोट निघाली! त्याच्या हॅप-१ या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा घुसून बसला आहे. श्वसनाच्या कामातल्या अनेक जनुकांना चालना देणारा हा मुकादमच लंगडा झाला. त्यामुळे सायटोक्रोम-सी या प्रथिनाची कृती शाबूत असूनही ते प्रथिन तिथं कमी बनतं.

आपल्या मुंबईतही यावर काम झालं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये एमकेटी-१ या जनुकावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. एस२८८सी आणि एसके-१ या वाणांत या जनुकाचं ८९वं अक्षर वेगळं असतं. एस२८८सी वाणात तेवढं एकच अक्षर एसके-१ सारखं असलं, की उपासमारीत तो जास्त बीजाणू तयार करतो. तेव्हा इतर कितीतरी जनुकांचं कामही कमीजास्त होतं. एका काना-मात्रेनं शब्दाचा अर्थ बदलतो ना, तसंच हे!

आता तुम्ही म्हणाल, यीस्टचं एवढं काय? तर ऐका. आपल्या पेशी कशा चालतात, हे शास्त्रज्ञ यीस्टवरूनही शिकतात. २०१० मध्ये दोन वाणांची तुलना झाली, तेव्हा ५७ जनुकं अशी निघाली, की ती काढली तर एक वाण मरतो आणि दुसरा खुशाल जगतो! एकच वाण पाहून “हे जनुक जगण्यासाठी हवंच” असं म्हणणारा चुकलाच असता. माणसांतही तसंच आहे. एकच औषध एकाला लागू पडतं, दुसऱ्याला त्याचा त्रास होतो. त्याच्या कारणांत जनुकांचाही वाटा असतो. म्हणून आईबाबांनो, घरात कुणाला एखादं औषध सोसत नसेल, तर डॉक्टरांना न विसरता सांगा.

आणि मुलांनो, फुग्यांचा प्रयोग घरी मोठ्यांच्या मदतीनं करून पाहा. वहीत पाणी, साखर, वेळ तर लिहाच, पण पहिल्या ओळीत लिहा : यीस्ट कुठलं? आमच्या वर्गानं आता तसंच लिहायचं ठरवलं आहे. आणि बाईंनी ठरवलं आहे, पटकन उत्तर द्यायचं नाही!