रोलर चालविणाऱ्या हातांना शिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या

बीड जिल्ह्यातील समस्त नागरिकांस, गुत्तेदारांस आणि बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्यांस

सडकेच्या कामावर भरावाचा एक थर अंथरून, पाणी मारून, दाबून झाला, की शाखा अभियंता त्या थरात खड्डा घेतो, त्यात मापाची वाळू ओततो, निघालेली माती तोलतो आणि थर किती दबला याचा हिशेब मांडतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांप्रमाणे भराव किमान 95 टक्के व त्यावरचा सबग्रेड किमान 97 टक्के दबलेला आढळला, तरच तो मोजमाप पुस्तिकेत चढतो आणि गुत्तेदाराचे बिल निघते. मुरुमाची परीक्षा होते, खडीची होते, डांबराची होते. परंतु आठ-दहा टनांचे यंत्र त्या मुरुमावरून दिवसभर मागेपुढे फिरवून ज्याने ही घनता साधली, त्या माणसाची परीक्षा कोणी आणि केव्हा घेतली, हा प्रश्न मात्र त्या सबंध दप्तरात कोठेही विचारलेला दिसत नाही. हा प्रश्न विचारण्यासाठीच हे पत्रक काढले आहे.

आपल्या जिल्ह्यात रोलरवाला कसा तयार होतो हे आष्टी-पाटोद्यापासून परळीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परतली, की नेमकी त्याच सुमारास, पावसाळ्याच्या आत काम उरकण्याच्या घाईने, रस्त्याची कामे भरात येतात. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर हाताळलेला एखादा पोरगा हेल्पर म्हणून लागतो. तो ड्रमवर पाणी सोडतो, चिकटलेली माती खरवडतो, डिझेलचे कॅन वाहतो. ड्रायव्हर भाकरी खायला झाडाखाली बसला की त्याच्या जागेवर चढतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात मुकादम त्याच्याच हाती यंत्र सोपवितो. त्याच्या कर्तबगारीविषयी मला तिळमात्र शंका नाही; डोळ्यांनी पाहून विद्या हस्तगत करणारी ही पोरे बुद्धिमान आहेत. परंतु पाहून शिकणारा माणूस गुरूचे कौशल्य उचलतो तसे गुरूचे प्रमादही उचलतो, आणि या धंद्यात प्रमादाची किंमत हातपाय गमावून किंवा प्राण देऊन मोजावी लागते.

रोलर मंद चालतो म्हणून तो निरुपद्रवी आहे, अशी लोकांची समजूत आहे. ती सर्वथा भ्रामक होय. दबाईचा शास्त्रोक्त क्रमच असा आहे की आरंभ कडेपासून करून मध्याकडे यावयाचे, आणि वळणावर आतल्या सखल बाजूकडून बाहेरच्या उंच बाजूकडे सरकावयाचे. म्हणजे चालकाला जेथे सर्वांत अधिक धोका, तेथेच त्याला प्रथम जावे लागते. नव्या भरावाची कड मोकळी असते. ड्रमचे टोक तिच्यावर जरा अधिक गेले, की खालचा मुरूम सुटतो आणि सगळे यंत्र चालकासह कुशीवर जाते. अशा वेळी छताखाली मजबूत सांगाडा असेल आणि पट्टा बांधलेला असेल तर चालक आत सुरक्षित राहतो. पट्टा नसेल तर तो बाहेर उडी मारू पाहतो, आणि ज्या बाजूस उडी मारतो त्याच बाजूस यंत्र पडते. भरावाची रुंदी थोडी जादा ठेवून, दबाई झाल्यावर कड छाटण्याची पद्धत याचसाठी आहे. पण जादा मुरुमाचा खर्च वाचविण्याकरिता ती टाळली जाते, आणि ती टाळली आहे हे ओळखून कडेला जाण्यास नकार देण्याइतके ज्ञान व अधिकार त्या पोराला कोणी दिलेले नसतात. मागे येताना पाठीमागे वाकून खडी सारणारी बाई दिसत नाही, हा दुसरा धोका. आणि धारूरसारख्या घाटात डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून यंत्र उतारावर सोडणे, हा तिसरा.

या गोष्टी सरकारला अज्ञात आहेत असे मुळीच नव्हे. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला आणि त्याखाली 1998 साली जे केंद्रीय नियम निघाले, त्यांत रोलर चढविण्यापूर्वी जमीन भार पेलण्यास समर्थ आहे की नाही, विशेषतः भरावाच्या कडेला, हे तपासावे, आणि उतारावर गिअर काढून रोलर चालवू नये, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. नियम करणाऱ्याने धोका अचूक हेरला होता. पण त्या दोन ओळी ज्याने वाचावयाच्या त्याच्यापर्यंत त्या मराठीत पोहोचविण्याची तजवीज गेल्या पंचवीस वर्षांत कामावर कोठे झालेली दिसत नाही.

कोणी म्हणेल, लायसन आहे ना! 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या कलमात रोड-रोलर हा परवान्याचा स्वतंत्र वर्ग सांगितला आहे, हे खरे. परंतु त्याच कायद्यातील हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत साडेसात हजार किलोपर्यंत वजनाचा रोलरही बसविला आहे. म्हणजे मोटारगाडी चालविण्याचा परवाना खिशात असला की सात टनांच्या रोलरवर बसण्यास तो पुरेसा ठरतो. शिवाय परिवहन कार्यालयात परीक्षा होते ती खुणा, वळणे, गाडी मागे घेणे आणि रहदारीचे नियम यांची. ओला मुरूम, मोकळी कड, ट्रेलरवरून यंत्र उतरविताना घसरणारा लोखंडी ड्रम, यांची परीक्षा तेथे होत नाही. बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयास त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. ते काम मुळात त्यांच्याकडे सोपविलेलेच नाही.

याच जिल्ह्यातील साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंटला प्रमाणपत्रावाचून बॉयलर ताब्यात घेता येत नाही. विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनला परवाना लागतो. इंग्लंडात 1865 साली सडकेवर वाफेचे यंत्र चालवावयाचे तर तीन माणसे नेमावीत आणि त्यांपैकी एकाने लाल निशाण घेऊन साठ यार्ड पुढे चालावे, असा कायदा होता. आपल्याकडे मात्र 1972 च्या दुष्काळात, ज्या वर्षी या जिल्ह्याच्या आयाबायांनी उन्हात बसून खडी फोडली, तेव्हापासून आजतागायत सडकांमागून सडका झाल्या, अहिल्यानगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या लोहमार्गाचे भराव उभे राहिले, आणि ते दाबणारा माणूस शिक्षणाच्या दृष्टीने होता तेथेच राहिला.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. प्रमाणपत्राची सक्ती केली तर गरीब पोरांची रोजी जाईल, हा पहिला. त्याचे उत्तर असे, की ज्यांना काम येते त्यांना पुन्हा पहिलीत बसवावे असे आमचे म्हणणे नाही. अनुभवाने मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यास मान्यता देण्याची सोय केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे, आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र कौशल्य परिषदही आहे. खर्चासाठी बांधकामाच्या किमतीवर एक टक्का उपकर कामगारांच्या नावाने वसूल होतोच. त्यातून परीक्षेची फी आणि परीक्षेच्या दिवसांची मजुरी द्यावी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रमाणपत्रे विकली जातील, शिकणार कोणीच नाही. ही भीती रास्त आहे, आणि म्हणूनच आमची मागणी कागदी परीक्षेची नसून मैदानावरील परीक्षेची आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आवारात मुरुमाचा खरा भराव घालावा, उमेदवाराने रोलर त्यावर चढवावा, कडेपासून किती अंतर राखतो ते दाखवावे, उतारावर थांबवून दाखवावे, मागे घेण्यापूर्वी काय पाहतो ते मराठीत तोंडी सांगावे. आणि त्याच्यासोबत हेल्परही शिकवावा, कारण मागची बाजू त्याच्याच डोळ्यांनी दिसावयाची असते.

जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांनी मनावर घेतले, तर हे साधण्यास नव्या कायद्याची गरज नाही. गुत्तेदाराने निविदेसोबत यंत्रांची यादी जोडावयाची असते. तिच्यात प्रत्येक रोलरपुढे प्रमाणित चालकाचे नाव असावे आणि त्या नावावाचून काम सुरू करण्याचा हुकूम निघू नये, एवढी एक शर्त पुरेशी आहे. तोवर, ज्या गावाच्या शिवारात काम चालू असेल तेथील ग्रामस्थांनी ग्रामसभेत ठराव करावा, आणि 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली कार्यकारी अभियंत्यांच्या कचेरीत अर्ज देऊन तीन नकला मागाव्यात: रोलर चालकाच्या परवान्याची, यंत्राच्या विम्याची, आणि त्या चालकास सुरक्षिततेचे शिक्षण दिल्याचा जो काही दस्तऐवज असेल त्याची. तिसरी नकल नसल्याचे लेखी उत्तर आले, तर ते उत्तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आमच्या मागणीसोबत जोडावे.