फिट येते म्हणून लायसन्स नाही, मग दिव्यांग प्रमाणपत्र का नाही?

ड्रायव्हिंग लायसन्ससाठी फॉर्म 1 भरताना एक प्रश्न येतो: तुम्हाला अपस्मार आहे का, किंवा अचानक शुद्ध हरपते का? 'हो' लिहिलं तर लायसन्स नाकारलं जाऊ शकतं. कारण उघड आहे, गाडी चालवताना फिट आली तर जिवावर बेतेल.

पण हीच व्यक्ती दिव्यांग प्रमाणपत्र मागायला गेली, तर वेगळीच अडचण उभी राहते.

नेमकी अडचण काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. त्यात मज्जासंस्थेच्या जुनाट आजारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स यांची नावं आहेत, अपस्माराचं नाही. त्यामुळे नुसत्या अपस्मारावर प्रमाणपत्र मिळवणं कठीण जातं. आणि पेन्शन, प्राप्तिकरातली सूट अशा बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

दुसरी अडचण म्हणजे फिट काही मिनिटांत ओसरते. तपासणीच्या दिवशी समोर बसलेला माणूस ठणठणीत दिसतो.

मग सगळ्यांनाच दिव्यांग ठरवायचं का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे. औषधं घेऊनही ज्यांना फिट येतात, त्यांना गाडी चालवणं, उंचावर किंवा यंत्रावर काम करणं धोक्याचं असतं. म्हणजे रोजगाराचे कितीतरी मार्ग बंद, आणि त्या बदल्यात आधार मात्र नाही.

सध्या काय करता येईल?

- अपस्मारासोबत सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता असं यादीतलं काही असेल, तर त्या कारणासाठी यूडीआयडी पोर्टलवर अर्ज करा.
- सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असेल, तर 1 लाख रुपयांपर्यंतच्या 'निरामय' आरोग्य विम्याचीही चौकशी करा.
- फिट कधी आली, किती वेळ टिकली, याची तारखेनिशी नोंद ठेवा. न्यूरोलॉजिस्टचं पत्र, ईईजी आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.
- प्रमाणपत्राचा निर्णय पटला नाही, तर कायद्याच्या कलम 59 नुसार अपील करता येतं.

कायदा बदलू शकतो का?

याआधी बदललाय. हिंदू विवाह कायद्यानुसार वारंवार फिट येतात या कारणावरून लग्न रद्द करून घेता येत होतं. 1999 मध्ये दुरुस्ती झाली आणि 'अपस्मार' हा शब्द तिथून काढला गेला. तेव्हा एक शब्द वगळल्याने अनेकांना दिलासा मिळाला. आता दिव्यांगांच्या यादीत तोच शब्द घालायची गरज आहे.