रंग कोणत्या भिंतीला?

घराला बाहेरून कोणता रंग द्यायचा, हा प्रश्न तसा हौसेचा. ज्याचं घर, त्याची आवड. त्यात तिसऱ्याने का बोलावं? पण आमच्या सचिनमध्ये सध्या ज्या तऱ्हेने रंग निवडले जातायत, ते बघून मला वाटतं की यावर बोललं पाहिजे. आपण रंग निवडतो रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी, आणि त्याचे परिणाम भोगतो तो आत राहणारा. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा क्रम उलटा हवा.

सचिन म्हणजे मुंबईहून सुरतेला जाताना सुरतेच्या अलीकडे लागणारं स्टेशन. १७९१ साली जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाने तिथला आपला हक्क पेशव्यांना देऊन टाकला आणि बदल्यात ही जहागीर घेतली. तेव्हापासून बाहेरून आलेल्यांनी घर करायची ही जागा. आज संस्थान नाही, पण माणसं येतातच. जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, मागावर, धुळे-जळगाव-नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं कामाला आहेत. २०२० मध्ये सचिन सुरत महानगरपालिकेत गेलं. भाड्याच्या खोलीत वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं आता कर्ज काढून रो-हाउस घेतायत, प्लॉटवर बांधतायत. आमचंही घर असंच उभं राहतंय, म्हणून शेड कार्ड सध्या आमच्याही घरात फिरतंय.

या शेड कार्डातून सगळ्यांची बोटं एकाच पानावर थांबतात. गडद राखाडी भिंत, काळ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, तपकिरी दरवाजा. इकडच्या भाषेत ‘एलिवेशन’ भारी दिसलं पाहिजे. फोटो मोबाइलवर आलेले असतात आणि ते बहुतेक थंड देशांतल्या घरांचे असतात. तिथे ऊन हा पाहुणा आहे. भिंतीने ते शोषून घेतलं तर घरातल्यांना बरंच. आमच्याकडे ऊन हा पाहुणा नाही, घरजावई आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि समुद्र जवळ असल्याने घाम वाळत नाही. ताजा पांढरा रंग अंगावर पडलेल्या उन्हाचा साधारण ८० टक्के भाग परतवतो, काळा जेमतेम ५ टक्के. गडद राखाडी हा काळ्याचाच सख्खा भाऊ. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती ऊब संध्याकाळी, आपण दमून घरी आल्यावर, आत सोडत बसते.

आमच्याकडे कंत्राटदार शेड कार्ड घेऊन बसला होता. पप्पा, काका, मी, सगळे राखाडीच्या छटांवर बोलत होतो. मम्मीने एकच विचारलं, “स्वयंपाकघराची भिंत कोणत्या बाजूला येते?” ती पश्चिमेला येते. मला वाटतं, रंगाच्या बैठकीतला हाच पहिला प्रश्न असायला हवा. वास्तुशास्त्र मानणारे दिशा विचारतातच. न मानणाऱ्यांनीही विचारावी, कारण सूर्य दोघांच्याही घरावर सारखाच तापतो. पण ज्या बाईला त्या भिंतीपाशी गॅससमोर दुपार काढायची असते, तिला आपण सगळ्यात शेवटी, तेही पडद्याच्या रंगाबद्दल विचारतो.

ही चैनीची चर्चा नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादमध्ये पारा ४६ च्या वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा चुना लावण्याची मोहीम घेतली. तेलंगणने तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. म्हणजे रंगाचा डबा हे सरकारी आरोग्याच्या कामातलं साधन झालंय, आणि आपण मात्र तो अजून नटण्याच्या सामानात ठेवलाय.

आता रंगाच्या आधीची गोष्ट, गिलावा. सचिनच्या कुठल्याही नव्या गल्लीत उभं राहून पाहा. रस्त्याकडच्या भिंतीला गिलावा, पुट्टी, टेक्सचर, दोन रंगांची नक्षी. बाजूच्या आणि मागच्या भिंती मात्र उघड्या विटांच्या. पैसे तिथे संपलेले असतात. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून पाऊस घेऊन येतो आणि तो दर्शनी भिंत कुठली ते विचारत नाही. उघडी वीट पाणी पिते, आत ओल येते, पलंगामागे बुरशी धरते. येशूने ढोंगी शास्त्र्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली, ती मत्तयाच्या शुभवर्तमानात आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. घर बांधणारा ढोंगी नसतो, तो फक्त पैशाने अडलेला असतो. पण दर्शनी भिंतीच्या थाटासाठी मागची भिंत उघडी ठेवणं म्हणजे आपणच आपल्याला चुना लावणं.

म्हणून पैसे थोडे असतील तर माझ्या मते क्रम असा असावा. आधी गच्ची किंवा पत्र्याला पांढरा थर. मग पावसाच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला दोन थरांचा, साधारण २० मिलिमीटरचा गिलावा. त्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं. मग महिनाभर थांबायचं, कारण नव्या सिमेंटमधला खार बसल्याशिवाय वर रंग दिला की पोपडे धरतात. वास्तुशांतीची तारीख काढून मग गवंड्याच्या मागे लागणाऱ्यांनी हा महिना आधी मोजावा. छज्ज्याच्या खालच्या कडेला बारीक खाच ठेवायला सांगावी; पाणी तिथूनच खाली टपकतं आणि भिंतीवर काळे ओघळ येत नाहीत. या खाचेला जवळजवळ खर्च नाही, पण ती शेड कार्डात नसते, म्हणून कोणी मागत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असतो, “फिकट रंग मळतो. इथे धूळ किती!” खरं आहे. पण याचं उत्तर आपल्याच गावाकडे आहे. खानदेशातल्या जुन्या मातीच्या घरांना पांढऱ्या मातीने पोतारायचे आणि जोत्याशी गेरूचा पट्टा ओढायचे. पावसाचे शिंतोडे, कोंबड्या-पोरांचे हात सगळं त्या गेरूत लपायचं. आज तेच करता येईल. वर फिकट पिवळट किंवा बिस्किटाचा रंग, खाली दोन फूट गेरूसारखा तांबूस. गेरू आणि पिवडी हे लोखंडाच्या गंजाचे रंग. उन्हाने ते सहजी विटत नाहीत. भडक गुलाबी, जांभळा यांचं तसं नाही. पप्पांची उमर डाइंगमध्ये गेली. कंत्राटदाराने जांभळी पट्टी पुढे करताच ते म्हणाले, “हाऊ रंग उडी जाई.” साडीचा रंग पक्का की कच्चा हे धुऊन, उन्हात धरून तपासणारा माणूस घराच्या भिंतीला तोच नियम लावणार. अख्ख्या देशाला साड्या रंगवून देणाऱ्या या गावाला रंगातलं कळत नाही, असं कोण म्हणेल? कळतं, फक्त ते मिलच्या गेटवरच ठेवून आपण घरी येतो.

दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. आयुष्यभर एकसारख्या खोल्यांच्या रांगेत राहिलेल्या माणसाला आपलं घर उठून दिसावंसं वाटतं, यात गैर काय? काहीच नाही. पण त्यासाठी अख्खी भिंत काळी करायची गरज नाही. दरवाजा आणि खिडक्या आहेत ना! दरवाजाला मोरपंखी द्या, गर्द हिरवा द्या, खिडकीच्या गजांना निळा द्या. खाली रेड ऑक्साइडचा हात मात्र चुकवू नका, नाहीतर दोन पावसात गंज वर येईल. दरवाजा हाताला लागतो, त्यावर तोरण बांधतात, पत्ता सांगताना “हिरव्या दरवाजाचं घर” असं म्हणतात. घराची ओळख त्याच्यावर सोपवावी. खिडकीचा रंग ठरवताना एवढं विचारावं की ती उघडते किती. सरकत्या खिडकीचा अर्धा भाग कायम बंदच राहतो. जुन्या झडपांची खिडकी पूर्ण उघडायची. तिचा रंग कोणताही असो, वारा आत यायचा.

शेवटी एक गोष्ट भाडेकरूंबद्दल. ज्यांना रंग निवडायचा हक्कच नाही, अशी माणसं सचिनमध्ये फार आहेत. पत्र्याच्या खोल्यांची रांग, मालकाने पुढून रंगवलेली. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी त्या पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करतो. चार खोल्या भाड्याने देणाऱ्यांत आता आपली मराठी माणसंही आहेत. कालपर्यंत तीच त्या पत्र्याखाली होती. त्यांना माझी विनंती आहे, की यंदा दिवाळीला पुढची भिंत रंगवायच्या आधी, उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा पत्रा पांढरा करून घ्या. रस्त्यावरून तो कोणाला दिसणार नाही. पण खाली झोपलेल्याला कळेल.